चिठ्ठीतली गाळलेली ओळ

अक्का, तुम्ही गेल्यापासून ओसरीवर बायका येऊन बसतात आणि तुम्ही किती मायाळू होतात ते एकमेकींना सांगतात. मी चहा देते आणि ऐकते. काल गंगूबाई डोळे पुसत म्हणाली, "रुखमाबाईच्या तोंडून वाकडा शबूद कधी आयकला नाई मी." हीच गंगूबाई. हिच्या टोपल्यातली सांबाराची जुडी तुम्ही सोडली, आत दडवलेली पिवळी पानं वेचून काढली आणि वीस बायकांच्या देखत हिच्याच डोक्यावर ठेवली. "हे घरी ने. तुह्या नवऱ्याले खाऊ घाल." ती रडत गेली होती. दुसऱ्या दिवशी ताजं सांबार घेऊन परत आली होती.

मायाळू तुम्ही नव्हतात, अक्का. मीही नव्हते. आपण दोघी जावांनी एका चुलीवर सतरा वर्षं स्वयंपाक केला, आणि एकमेकींचं बरं व्हावं असं त्यातल्या फार थोड्या दिवशी वाटलं असेल. हे मी तुमच्या माघारी बोलत नाही. तोंडावरच बोलायचं होतं. तुम्ही बोलू दिलं नाहीत.

मी किनवटहून या घरात आले तेव्हा दहावी झालेली सून म्हणून साऱ्या गल्लीत माझं कौतुक होतं. भासरे, म्हणजे तुमचे मालक, पेपर आला की मोठ्यानं वाचायला माझ्याकडे धाडायचे. तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी थापत ऐकायच्या. तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हतं. मला भाकरी गोल जमत नव्हती. तुम्ही माझी भाकरी उचलून सासूबाईंना दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पाहा, आपल्या सुनबाईनं भारताचा नकाशा काढला." सगळे हसायचे. मी त्या हसण्याची एकेक खूण मनात धरून ठेवली होती.

धंदा तुमच्या डोक्यातून निघाला, हे मात्र कोणी नाकारू नये. त्या काळी गुडीहत्नूरच्या आजूबाजूची वांगी, मिरच्या, टमाटे सगळे आदिलाबादच्या अडतीवर जायचे. अडत्या पोतं उघडायचासुद्धा नाही, पायानं बाजूला सारायचा. एकदा तुम्ही बस चुकली म्हणून बसस्टँडजवळच्या हॉटेलाच्या मागे सावलीला बसलात आणि तिथल्या पोराला वांगी चिरताना पाहिलंत. परवा आपण अडतीवर टाकलेली वांगी. सुकलेली, अर्धी किडलेली. ते हॉटेल अडतीवरून घेत होतं आणि आपण अडतीवर देत होतो, मधे दोन दिवसांचं ऊन. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "शोभे, उद्या तू माह्यासंगं चाल. तुले हिंदी येते."

दुसऱ्या दिवशी टोपलं डोक्यावर घेऊन आपण त्याच मागच्या दारी उभ्या राहिलो. मालक मल्लय्या बनियनवर बाहेर आले. तुम्ही माझी वाट न पाहता आपल्याच हिंदीत सुरू केलंत, "शेठ, वांगा लेव, मिरची लेव, ताजा सांबार लेव."

मल्लय्या पोट धरून हसले. "क्या अम्मा, मेरेकू सांबार बेचते? अंदर हंडा भरके है मेरे पास!"

तुम्हाला कळेना. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि त्यांच्याकडे डाळीच्या कालवणाला, हे मी सांगेपर्यंत सगळे आचारी दाराशी गोळा झाले होते. तुमचा चेहरा लाल झाला. पण तुम्ही जुडी उचललीत, त्यांच्या नाकाशी नेलीत आणि म्हणालात, "वास लेव." त्यांनी वास घेतला. त्या दिवसापासून आपलं भरलेलं टोपलं कधी परत आलं नाही.

मग तुम्ही अजून एक केलंत. टोपलं रिकामं झाल्यावर मी मागच्या दारानं निघाले तर तुम्ही माझं मनगट धरलंत आणि पुढच्या दारानं आत नेऊन मला टेबलाशी बसवलंत. "आपल्या मालाचं कसं करते ते खाऊन पाहाचं," म्हणालात. मी आयुष्यातला पहिला डोसा तिथं खाल्ला, पदर सावरत, चारी बाजूंनी माणसं पाहत असताना. तुम्ही खाल्ला नाहीत. चटणीतली मिरची बोटानं बाजूला काढून उजेडात धरलीत आणि म्हणालात, "हे आपली नाई. बुढी मिरची हाय." मला इतकं हसू आलं होतं. तुम्हीही हसलात. तो दिवस माझ्याकडे आहे, अक्का. पुढचं सगळं लिहूनही तो तसाच राहील असं वाटतं.

दोन वर्षांत तीन गावांच्या बायका आपल्याकडे माल आणू लागल्या. पहाटे आपल्या ओट्यापुढे टोपल्यांची रांग लागायची. कोणाचं टोपलं कोणतं हे लिहून ठेवायला मी वही आणली, तर तुम्ही ती वही फळीवर ठेवलीत आणि प्रत्येकीच्या टोपल्याला रंगीत चिंधी बांधलीत. गंगूबाईची पिवळी, लसमीची लाल. चाळीस चिंध्या तुमच्या डोक्यात पाठ होत्या. माल हॉटेलाकडे निघायच्या आत तुम्ही हात कोपरापर्यंत टोपल्यात घालायच्या आणि तळाचा माल वर आणायच्या. वाईट निघाला की तिथंच म्हशींपुढे पालथा. म्हशी त्या ओट्याला इतक्या सवकल्या होत्या की तुम्ही उभ्या राहिलात की त्या मान वर करायच्या.

हॉटेलातून रिकाम्या टोपल्यांसोबत दुपारच्या बसनं चिठ्ठी यायची, उद्या काय पाहिजे त्याची. गल्ल्यावरचा माणूस तेलुगूत लिहायचा. मी शाळेच्या मास्तरांकडून तेलुगूची पहिलीची पुस्तकं मागून आणली आणि चार महिन्यांत ती अक्षरं शिकले. त्याचा मला केवढा गर्व होता! गावात मराठी वाचणारी माणसं पुष्कळ होती. ती चिठ्ठी वाचणारी बाई मी एकटी होते. चाळीस बायकांनी उद्या काय तोडायचं हे माझ्या तोंडून ठरायचं.

तुम्ही मला तीनदा म्हणालात, मला शिकव. पहिल्यांदा चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलंत, "यात वांगे कोन्तं हाय?" मी म्हणाले, "आता कामं पडली आहेत." दुसऱ्यांदा तुम्ही चुलीतल्या कोळशानं भिंतीवर काहीतरी काढलं होतं, चिठ्ठीत पाहून. अक्षर उलटं होतं. मी हसले, आणि मोठ्यानं हसले, सासूबाईंना ऐकू जाईल इतकं. मला भाकरीची परतफेड करायची होती. तिसऱ्यांदा तुम्ही बाजारातून पाटी-पेन्सिल आणलीत. लपवून आणलीत, टोपल्याच्या तळाशी. माझ्यापुढे ठेवलीत. मी ती पाटी उचलून तुमच्या सुमनला दिली. "बरं झालं अक्का, हिची फुटलीच होती," म्हणाले. सुमन तेव्हा तिसरीत होती. ती नाचली. तुम्ही उठून बैलांना पाणी दाखवायला गेलात.

मला येत असलेली एकच गोष्ट होती. ती तुम्हाला दिली असती तर मला या घरात काय उरलं असतं? तेव्हा मी मनाशी असंच म्हणत होते.

त्या वर्षी विहिरीकडच्या तुकड्यात मी स्वतः वांगी लावली होती. माझ्या हातची, माझ्या नावची. अळी पडली. ह्यांनी कपाशीवर मारायचं औषध पंपात उरवलं होतं, ते मी वांग्यांवर मारलं आणि दुसऱ्याच पहाटे तोडून टोपलं रांगेत ठेवलं. वांगी अशी चमकत होती की बायका थांबून पाहत होत्या. तुम्ही एक वांगं उचललंत, वास घेतलात.

"काल फवारलं?"

"नाही."

"शोभे, काल फवारलं ना?"

"नाही म्हटलं ना, अक्का."

तुम्ही माझं टोपलं पालथं केलंत. पण ते म्हशींपुढेही टाकलं नाहीत, खड्ड्यात ओतलंत आणि वर माती लोटलीत. मग सगळ्यांकडे वळून बोललात, "घरची असली म्हनून का झालं? खानाऱ्याच्या पोटात नातं जात नाई." आणि मला, "तू तं शिकेल हायस. डब्यावर काय लिवलं असते ते वाचता येते ना तुले? का फकस्त दुसऱ्याच्याच चिठ्ठ्या वाचता येते?"

कोणीतरी खुदकन हसलं. ती लसमी होती असं मला वाटलं. आता खात्रीनं सांगता येणार नाही.

तुमचं बरोबर होतं. कोणाच्या तरी लेकरानं ती वांगी खाल्ली असती. हे मला त्याच क्षणी कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच मी तुम्हाला माफ करू शकले नाही. तुम्ही चुकीच्या असत्या तर भांडून मोकळी झाले असते.

चैत्र संपत आला होता. मल्लय्यांनी एका मोठ्या लग्नाचं जेवण घेतलं होतं, गुरुवारचं. टमाटे कधी नव्हे इतके पाहिजे होते. तुम्ही तीन गावं पायी फिरलात आणि प्रत्येकीला सांगितलंत, गुरुवारपर्यंत झाडावर राहू द्या, इकडेतिकडे देऊ नका. लसमी तर नाल्यावरून खांद्यावर कावड आणून पाणी घालायची. तिच्यासारखे टमाटे कोणाचे नव्हते. ती तुमची लाडकी होती. लाडकी म्हणजे तुम्ही तिला शिव्या द्यायच्या नाहीत, एवढंच.

मंगळवारी दुपारी बसनं चिठ्ठी आली. तुम्ही ओट्यावर मिरच्या निवडत होतात. चिठ्ठी माझ्यापुढे धरलीत आणि मान वर न करता म्हणालात, "वाच."

त्यात तीन ओळी होत्या. पहिलीत बुधवारची वांगी. दुसरीत बुधवारच्या मिरच्या. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की नवरीकडं सुतक आलं, लग्न पुढं गेलं, गुरुवारी हॉटेल बंद, माल पाठवू नये.

मी दोन ओळी वाचल्या.

मला आठवतंय, मी श्वास घेतला तो तिसरी वाचायलाच. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "झालं? मंग उभी काऊन? पानी ठेव चुलीवर." मी चिठ्ठीची घडी घातली. आत गेले. चिठ्ठी चुलीत घातली आणि वर पाणी ठेवलं. बुधवारचा सगळा दिवस माझ्या हातात होता. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा सांगता आलं असतं, अरे हो, एक राहिलंच. मी वाढत राहिले. तुम्ही त्या हॉटेलाच्या दारी तोंडघशी पडाल, मल्लय्या चार माणसांत तुम्हाला बोलतील, ते मला पाहायचं होतं. त्याच्या पलीकडे मी विचार केला नाही. बायकांचा नाही. टमाट्यांचा नाही. हे आता लिहिताना मला माझीच भीती वाटते.

गुरुवारी लॉरी भरली. बायकांनी पिकलेले, अर्धे पिकलेले, सगळे तोडले होते. पुढे तुम्ही आणि लसमी बसलात. मागे मी आणि सुमन. लग्नघरी जिलबी मिळेल म्हणून सुमनला नवा झगा घातला होता.

हॉटेलाला कुलूप होतं. रखवालदार बाकावर बसून विडी पीत होता. तो म्हणाला, "शादी आगे गया अम्मा. सेठ गाँव गए. तुमकू खबर भेजे बोले थे ना? चिट्ठी नई मिली?"

मी लॉरीच्या फाळक्याजवळ उभी होते. आता तुम्ही वळाल आणि माझ्याकडे पाहाल, म्हणून मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तुम्ही वळला नाहीत. मग रखवालदाराला म्हणालात, "मिली. मिली थी." आणि लसमीकडे पाहून, "चिठ्ठी आली होती वं. मीच इसरली सांगाचं."

लसमीला आधी कळलंच नाही. "इसरली म्हंजे?"

"इसरली. माह्यीच चुकी."

लसमीनं पायातली चप्पल काढली आणि तुम्हाला मारली. तोंडावर. एकदा, आणि मग पुन्हा. "मी खांद्यावर पानी आनलं! खांद्यावर!" ती ओरडत होती. रस्त्यावरची माणसं थांबली. तुम्ही हात वर केला नाहीत. सुमन किंचाळून तुमच्या कमरेला बिलगली. मी फाळक्याजवळून हलले नाही. एक शब्द, अक्का. एकच शब्द पुरला असता. तुम्ही माझ्यासाठी चप्पल खात होतात आणि मी पाहत होते, आणि खोटं बोलणार नाही, पहिल्या फटक्याला माझ्या आत कुठंतरी गार वाटलं होतं. दुसऱ्या फटक्याला नाही.

अडतीवर गेलो तर दुपार झाली होती. तिथले लोक हसले. ज्या बाईनं अडत सोडून आमच्या पोरांना उपाशी मारलं तिचा माल, म्हणाले, तिनंच खावा. परतताना नाल्याच्या उतारावर लॉरी थांबवून सगळं ओतून दिलं. तुम्ही स्वतः टोपल्या रिकाम्या केल्यात. लाल चिंधीचं टोपलं तुम्ही लसमीला ओतू दिलं नाहीत, ते तुम्हीच ओतलंत. तुमच्या गालावर चपलेचा वळ होता. उन्हानं टमाट्यांचा वास उठला होता. तो वास अजून मला सोसत नाही. पोरी विचारतात, काकी टमाटा का खात नाही? मी म्हणते, आंबट लागतो.

लसमीनं त्याच आठवड्यात सगळी झाडं उपटली आणि नवऱ्यासोबत चंद्रपूरकडे विटांच्या भट्टीवर गेली. ती परत आली नाही. तुम्ही दोनदा वांकिडीच्या बाजूला जाऊन तिच्या माहेरी विचारपूस केलीत. माहेरच्यांनी दारातूनच परत लावलं.

दोन महिने आपल्या ओट्यापुढे एक टोपलं आलं नाही. तुम्ही दारोदार गेलात. मला सोबत नेलंत. बायका तुमच्या तोंडावर दार लोटायच्या. गंगूबाई म्हणाली होती, "इसरभोळीच्या हातात माल देऊन आमी मराचं का?" तुम्ही ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दारी जायच्या. मला तुम्ही का नेत होतात? मदतीला? की दाखवायला? मी रोज वाट पाहत होते, की आज वाटेत थांबाल आणि विचाराल. तुम्ही वाटेत पाण्याचं, गुरांचं, सुमनच्या शाळेचं बोलायच्या.

मग धंदा पुन्हा उभा राहिला. पहिल्यापेक्षा मोठा झाला. हायवेवर ढाबे वाढले, वसतिगृहांच्या खानावळी आल्या, नागपूरकडचे ठोक घेणारे आपल्या ओट्यापर्यंत यायला लागले. रोज दुपारी चिठ्ठी यायची, कधी दोन, कधी चार. आणि रोज, अक्का, त्या गुरुवारनंतर दहा वर्षं रोज, तुम्ही ती चिठ्ठी माझ्याच हातात दिलीत. सुमन पुढच्या वर्गात जाऊन तेलुगू शिकली, फडाफडा वाचायला लागली, तरी माझ्याच हातात. मी वाचायची. तुम्ही ऐकायच्या. संपलं की माझ्या तोंडाकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "एवढंच हाय?"

"एवढंच आहे, अक्का."

एवढाच प्रश्न. त्यात राग नसायचा. हाच प्रश्न तुम्ही त्या गुरुवारच्या आधी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

एका वर्षी मीच पाटी घेऊन तुमच्याकडे आले. म्हणाले, चला, मी शिकवते, महिन्यात येईल तुम्हाला. तुम्ही मिरचीचं देठ खुडत म्हणालात, "आता काऊन? तू हाय ना."

ती शिक्षा होती की भरवसा? मी दोन्ही समजून पाहिलं. शिक्षा समजले त्या दिवशी तुमच्या ताटात मुद्दाम करपलेली भाकरी वाढली. भरवसा समजले त्या दिवशी मागच्या अंगणात जाऊन रडले. ह्यांनी एकदा माझ्यावर काठी उगारली, तेव्हा तुम्ही पीठ भरल्या हातांनी धावत आलात आणि काठी धरलीत. मला वाटलं, आता माझ्यासाठी दोन शब्द बोलाल. तुम्ही ह्यांना म्हणालात, "हिले मारू नको. हिच्यापाशी माह्यं काम हाय." आणि पुन्हा पीठ मळायला गेलात. त्या दिवसानंतर ह्यांनी हात उगारला नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हणाले नाही. म्हणजे तुमचे आभारसुद्धा माझ्याकडे पडून राहिले.

पोटातली गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी उघडलं आणि तसंच शिवलं. तुम्ही विचारलंत, "तळाचं खराब निंघालं का?" डॉक्टरांना ते समजलं नाही. मला समजलं. खाटेवर पडल्यावरही तुम्ही पहाटे खाट ओट्यावर काढायला लावायच्या. हात कोपरापर्यंत जात नव्हता, मनगटापर्यंत जायचा. खराब काही निघत नव्हतं; बायका आता तळालाही चांगला माल ठेवायला शिकल्या होत्या, की तुमच्या हाताला वरचं तेवढंच लागत होतं, कोण जाणे.

जायच्या तीन दिवस आधीची दुपार. घरात आपण दोघीच होतो. मी चमच्यानं आंबील पाजत होते. तुमचे ओठ सुकले होते. मी म्हणाले, "अक्का, ते लग्नाच्या टमाट्यांचं... त्या चिठ्ठीत..."

तुम्ही तोंड मिटलंत. आंबील हनुवटीवरून ओघळली. डोळे मात्र एकदम जागे झाले.

"थांब," म्हणालात.

"मला एकदा सांगू द्या."

"नको सांगू." तुमचा श्वास पुरत नव्हता, तरी एकेक शब्द वेगळा काढून तुम्ही बोललात. "तू सांगशीन, तुले हलकं वाटन. मी काऊन जड होऊ मरतानी? तुहं हाय ते तू ठेव."

मी चमचा हातात धरून बसले. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात, चिठ्ठी ऐकल्यावर पाहायच्या तसं. मी रडायला लागले तेव्हा तुम्ही मान भिंतीकडे वळवलीत. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणालात, "आंबील दे. थंडी होऊन राह्यली."

मी पाजली. तुम्ही प्यालात, सगळी.

त्या दिवसापासून माझ्या पोटात ते तसंच होतं. तुम्ही ऐकणार नव्हतात आणि आता ऐकूही शकत नाही. म्हणून आज दुपारी मी सुमनला सांगितलं. तुमचं लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवत होती. मी दार लोटलं आणि तिसरी ओळ तिला वाचून दाखवली, दहा वर्षांपूर्वी होती तशी, शब्दाला शब्द. ती पाठ आहे मला. वांग्याचं टोपलं सांगितलं, चूल सांगितली, फाळका सांगितला. पाटीचंही सांगितलं.

सुमन एकोणीस वर्षांची आहे, पण ऐकताना तिचं तोंड तुमच्यासारखं दिसत होतं. माझं झाल्यावर लुगड्याची घडी मोडली होती ती तिनं पुन्हा घातली.

"लसमीबाईनं आईले मारलं तवा मी तिथं होती, काकी," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मी लय वर्सं लसमीबाईले शिव्या दिल्या मनात. दिवा लावतानी देत होती मी शिव्या."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. ती मागे सरकली नाही. नुसती हाताकडे पाहत राहिली, तर मीच हात काढून घेतला.

"परवा आईची तेरवी हाय," ती म्हणाली. "तीन गावच्या बाया येतीन जेवाले. तुमी पंगतीत वाढू नका."

धाकट्या जावेनं मोठीच्या तेरवीला वाढायचं नाही, म्हणजे काय ते साऱ्या गावाला कळतं. मी म्हणाले, "बरं." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "सुमन, लोक विचारतील, शोभा का वाढत नाही. मी काय सांगू त्यांना?"

ती ट्रंकेचं झाकण लावत होती. कडी घातली, उठली आणि दारात जाऊन थांबली.

"सांगा काईतरी," ती म्हणाली. "तुमाले येते."